चोरलेलं पेट्रोल प्लग काळा करत नाही

अन्याय झाला तो शाळेची गाडी चालवणाऱ्या कुरुंद्याच्या बबनदादावर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी सव्वादहा वाजता, मुलींच्या निवासी शाळेच्या फाटकात. प्रार्थना नुकतीच संपलेली, मुली अजून रांगेतच उभ्या, आणि व्यवस्थापकांनी शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "किल्ली ठेव आणि चालता हो. पेट्रोलचोर." ज्या मुलींना नऊ वर्षं दवाखान्यात, परीक्षेला, सुट्टीला घरी नेऊन सोडलं, त्यांच्यासमोर त्या माणसाने किल्ली भिंतीवर ठेवली आणि चपला फरफटत रस्त्याला लागला.

मामा, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी सुरुवात इथूनच करते, कारण तुमच्याबद्दल लिहायला बसले तर "माझं ऱ्हाऊ दे, आधी बबन्याचं लिही" असंच म्हणाला असतात. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला माणसं उठून बोलली. सुखदेवमामा मनमिळाऊ होते, कुणाला दुखवलं नाही, असं काय काय. मामी खाली मान घालून ऐकत होत्या. कसले मनमिळाऊ? दारात आलेल्या गिऱ्हाइकाला "तुमी गाडी चालवत न्हाई, हाणता" असं तोंडावर सांगणारा माणूस तुम्ही. मला उठून हे सांगावंसं वाटत होतं. पण मी उठले नाही. माझ्या आयुष्यात मी एखाद्या सभेत पहिल्यांदाच गप्प बसले. का बसले ते आज लिहिते. हे खरं तर तुम्ही असताना सांगायचं होतं.

बबनदादाला हाकललं त्यानंतर आठवड्याभराने मी तुमच्या गॅरेजवर आले, आठवतं? कळमनुरीत नांदेड रोडला तुमचं ते पत्र्याचं शेड, मागे तुमचं घर. माझ्या पिशवीत निषेधाच्या पत्रकाचा कच्चा मजकूर होता. मथळा तयार होता, तीन उद्गारचिन्हांसकट. मला फक्त कुणातरी जाणकाराचं एक वाक्य हवं होतं, म्हणजे पत्रकाला वजन आलं असतं. मी दारातूनच म्हणाले, "मामा, बबनदादाने चोरी केली नाही असं एक वाक्य द्या, मी निघते."

तुम्ही चहाचा कप माझ्या हातात दिलात. "मला काय ठावं, केली का न्हाई? मी पाहेलो का?"

"तुम्ही त्याला वीस वर्षं ओळखता!"

"वळखतो म्हणून सांगू का? मग त्यो म्यानेजर बी सांगतो, आमी आमच्या गाडीला वळखतो. वळख काय कामाची? गाडी दाखव."

मला राग आला होता. मामा, खरं सांगू, तेव्हा मला तुम्ही भित्रे वाटलात. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या गाड्यांची कामं तुमच्याकडे यायची, म्हणून जपून बोलताय असं मी मनात म्हटलंसुद्धा.

आणि तेवढ्यात तीच गाडी दारात आली. शाळेची पांढरी व्हॅन, नवा ड्रायव्हर. पिकअप नाही म्हणाला, वास येतो, मागे बसलेल्या मुली डोकं दुखतं म्हणतात. तुम्ही त्याला स्टुलावर बसवलंत. ही तुमची रीत सगळ्या कळमनुरीला ठाऊक होती आणि सगळी कळमनुरी तिला हसायची: बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरला चहा आणि प्रश्न. बाकीचे मिस्त्री आधी बिघाडाचा कोड सांगणारा स्कॅनर लावतात. तुमच्याकडेही स्कॅनर होता, मुलाने घेऊन दिलेला. तुम्ही त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचात.

"पेट्रोल किती खाऊन राहिली?" तुम्ही विचारलंत.

नवा ड्रायव्हर माझ्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "मामा, खरं सांगू? बबनदादाच्या टायमाला लागायचं तेवढंच. पण कुणाला सांगू? मला बी चोर म्हणतील."

मी टुणकन उठले. सापडला साक्षीदार! तुम्ही हाताने मला खाली बसायची खूण केलीत. "बस, पत्रकवाली. आजून इंजिन बोललं न्हाई."

शाळेने आधी, बबनदादाला हाकलण्यापूर्वी, ही गाडी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला नेली होती. तिथे स्कॅनर लावला, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, त्यांनी सेन्सर बदलला. पेट्रोल तेवढंच. मग पुन्हा बदलला. तरी तेवढंच. मग त्यांनी हात वर केले: पार्ट नवा आहे, गाडीत दोष नाही, तुमचा माणूस बघा. म्हणजे एका कोडावरून दोन सेन्सर गेले आणि त्यांच्यामागे एक ड्रायव्हर.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही गाडीखालचा पाइप दाखवून समजावलंत. इंजिनातून धूर बाहेर पडला की लगेच तिथे एक बोटभर लांबीचा सेन्सर असतो. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो सांगतो आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त सोडतो. "सयपाकात चव पाहणारा असतो का न्हाई? त्यो म्हणला मीठ कमी, तं सयपाकी मीठ टाकतो. आता पळीतल्या रश्शात कुणी गुपचूप पाणी वतलं तं? चव पाहणारा काय म्हणल?"

"मीठ कमी."

"आन् भाजी?"

"खारट."

"मंग चव पाहणाऱ्याची जीभ कापून दुसरी लावली तं भाजी बराबर व्हईल का?"

मी एवढी पत्रकं लिहिली, शोषण, यंत्रणा, दडपशाही. पण कुणी खोटं न बोलताही निकाल खोटा कसा लागतो, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही कामाला लागलात. काच तडकलेला तो मीटर सेन्सरच्या तारेला लावलात. इंजिन चालू असताना हवेची एक नळी काढलीत, आकडा खाली पडला. नळी परत बसवून हवेच्या तोंडाशी पेट्रोलसारख्या जळणाऱ्या स्प्रेचा एक फवारा मारलात, आकडा उडी मारून वर गेला. तीन वेळा तेच केलंत. "हवा दिली, हवा म्हणतो. इंधन दिलं, इंधन म्हणतो. ह्याला लबाडी येत न्हाई. सेन्सर चांगला हाय." मग म्हणालात, "त्या दोघायचा बी काय गुन्हा व्हता देव जाणे." आधीच्या काढून टाकलेल्या दोन सेन्सरबद्दल इतक्या हळहळीने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नंतर पेट्रोलला ठिणगी देणारे प्लग काढलात. चारही प्लग कोळशासारखे काळे. कोरडी काजळी, बोटाला लागणारी. तुम्ही ते पेपरावर ओळीने मांडलेत, बबनदादाला फोन लावलात आणि मोठ्याने म्हणालात, "बबन्या, ये इकडं. तुझं पेट्रोल सापडलं."

तो येईपर्यंत तुम्ही मला ते वाक्य दिलंत, ज्याच्यासाठी मी आले होते. "लिही. चोरलेलं पेट्रोल इंजिनात जात न्हाई. चोरलेलं पेट्रोल प्लग काळा करत न्हाई. ह्ये सगळं ह्या गाडीनंच पेलं."

मामा, असं वाक्य मला सात जन्मात सुचलं नसतं. मी तिथेच माझा मथळा खोडला.

आता पळीत पाणी ओतणारा कोण ते शोधायचं होतं. इंजिन थंड होऊ दिलंत. शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडून धूळ उडवायचा ब्लोअर आणलात, सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्या गुंडाळून त्यातून हलका वारा आत सोडलात. मामींच्या मोरीतला साबण पाण्यात कालवून पाइपच्या जोडांवर फवारायला लागलात. मागून मामींचा आवाज आला, "भांडे कशानं घासू मी? गाडीनं?" आणि तुम्ही गाडीखालूनच, "आज हॉटेलातलं आणू!" तेव्हा बबनदादाही पोचला होता. हाकलल्यानंतर त्याला हसताना मी त्या दिवशीच पाहिलं.

सेन्सरच्या वरच्या जोडातून बुडबुडे आले. चिलटांएवढे, भराभर. म्हणजे तिथे फट होती. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला ती थोडा धूर बाहेर सोडून बाहेरची हवा आत ओढत होती. सेन्सर म्हणायचा हवा जास्त, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवायचा. मी टाळ्या वाजवल्या. बबनदादा खाली वाकून बघायला लागला.

तुम्ही बाहेर आलात, उताणेच पडून राहिलात. बोटावर जळालेल्या लाल पेस्टचा तुकडा होता.

"तिथं जोड आवळायला तीन स्टड पाहिजेत. दोनच हायत," तुम्ही म्हणालात. "तिसरा तुटेल हाय. त्याच्या जागी लाल पेस्ट भरली कुणीतरी."

"कुणी?" मी पेन काढलं. मला वाटलं, आता वर्कशॉपचं नाव येणार.

"मी."

तुम्ही उठून बसलात. आदल्या उन्हाळ्यात हे काम तुम्हीच केलं होतं. स्टड काढताना तुटला, मुलींची परीक्षा होती, गाडी लगेच हवी होती, तुम्ही पेस्ट भरून दिली. बबनदादा मध्येच म्हणाला, "मामा, तुमी मला दोन दिवसानं आण म्हणले असताल, मीच इसरलो असंल."

तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. "म्हणलो का न्हाई, मला याद न्हाई. याद न्हाई म्हंजे म्हणलो न्हाई. माझी चूक हाय, बबन. माझ्या आळसानं तुला चोर केलं."

मामा, मी भाषणं ऐकली आहेत. माफीची, खेद व्यक्त करणारी, "जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" वाली. अशी माफी मी ऐकली नव्हती. तुम्ही तो जोड गुपचूप आवळून टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि इथेच आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

मी म्हणाले, हात लावू नका. आहे तसं ठेवा. व्यवस्थापकांना बोलावू, व्हिडिओ काढू, पंचनामा करू, मग दुरुस्त करा. तुम्ही पाना हातात घेतला होता. "ह्यात लेकरं बसतेत. धूर आत येऊन राहिला, डोके दुखून राहिले त्यायचे. तुझा पुरावा टिकावा म्हणून लेकरायला धूर खाऊ घालू का?"

"एका दिवसाने काय होतंय?"

"असंच म्हणलो व्हतो मी. मागल्या उन्हाळ्यात."

तुम्ही त्याच दुपारी तुटका स्टड ड्रिलने काढून नवा बसवलात, जोडात नवी गॅस्केट टाकलीत. मी मोबाइलवर घाईघाईने काढलेल्या व्हिडिओत तुमची पाठ आणि साबणाचा फेस एवढंच आलं. आजही मला वाटतं एक दिवस थांबायला हवं होतं. तुमच्याशी भांडायला यायचं तर आता कुठे येऊ?

पण ज्याच्यासाठी मी परवा गप्प बसले ते हे नाही.

पत्रकाची पहिली ओळ तुम्ही सांगितली होती. "ही चूक मिस्त्री सुखदेवची आहे." दोनदा सांगितली, मी लिहून घेतली. घरी येऊन मजकूर पक्का करताना मी ती काढली. पत्रक कसं असावं हे मला शिकवलं गेलं होतं: आपला माणूस निर्दोष, समोरचा दोषी, मध्ये काही नको. तुमची ओळ ठेवली तर लोक म्हणतील मिस्त्रीचीच चूक, संस्था सुटली. मी स्वतःला सांगितलं, मामांची अब्रू वाचवतेय. खोटं. मी माझं पत्रक वाचवत होते. छापलं तेव्हा त्यात फक्त "तांत्रिक बिघाड" होता. जणू बिघाड आभाळातून पडला.

बाजाराच्या दिवशी मी ते वाटलं. तुमच्या हातात एक आलं. तुम्ही चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत. "चांगलं लिहिलं," म्हणालात. आणि जाता जाता, "तू बी एक स्टड सोडलास, पोरी."

त्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. बबनदादाला घेऊन आपण तिघं व्यवस्थापकांकडे गेलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता, रुमालात दोन काळे प्लग बांधून नेले होते. ते टेबलावर ठेवून तुम्ही सगळं सांगितलंत, पळीपासून पेस्टपर्यंत, आणि शेवटी म्हणालात, "चूक माझी हाय साहेब. लिहून देतो."

व्यवस्थापक हसले. मग टेबलाच्या खणातून माझं पत्रक काढलं. "ह्यात तर मिस्त्रीच्या चुकीचं अक्षर नाही. आठ दिवसांत नवीन गोष्ट तयार झाली? दोस्ताला वाचवायला अंगावर घेताय का मामा? आणि तुमचं सर्टिफिकेट काय? आयटीआय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. एकदा पाहिलं असतंत तर मी मरून गेले असते. तुम्ही एवढंच म्हणालात, "सर्टिफिकेट न्हाई. चूक करायला लागत न्हाई."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. "ती ओळ यांनी सांगितली होती, मी गाळली," एवढंच. ज्या खोलीत माणसं चूक कबूल करतच नाहीत, तिथे कबुलीजबाबावर विश्वास बसला नाही, आणि तो बसू नये याची सोय मी करून ठेवली होती. मी घोषणा दिली, टेबलावर हात आपटला, बाहेर येऊन संस्थेचा निषेध केला. खरं बोलले नाही. परवा तुमच्या फोटोसमोर उठून "मामा खरं बोलायचे" असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही, ती यामुळे.

पुढचं आणखी वाईट झालं. तुम्ही गाडी नीट केलीत, गाडी कमी पेट्रोल पिऊ लागली. संस्थेने काय म्हटलं? बघा, चोर गेला आणि पेट्रोल वाचलं. नव्या ड्रायव्हरचा पंधरा ऑगस्टला... नाही, सव्वीस जानेवारीला, शाल देऊन सत्कार झाला. त्याने घेतला. मला तो शिव्या देण्याच्या लायकीचाही वाटला नव्हता, पण तुम्ही म्हणालात, "त्याला बी घर हाय. भेलेला माणूस हाय त्यो, वाईट न्हाई." मी म्हणाले, तो स्टड परत ढिला करा, होऊ दे त्यांची फजिती. तुम्ही इतक्या जोरात "गप!" म्हणालात की मामी बाहेर आल्या.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते परवा कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. तुमच्या स्टुलावर जो जो ड्रायव्हर, जो जो गाडीमालक चहाला बसला, त्याला तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या गिऱ्हाइकाला. मी असा असा स्टड सोडला आणि एका माणसाला चोर ठरवलं. काही जण पुन्हा आले नाहीत. मामी चिडायच्या, "धंदा करून राहिले का कीर्तन?" तुम्ही थांबला नाहीत. आणि इतर मिस्त्री, ज्यांना तुम्ही आधी जवळ करत नव्हता, त्यांना बोलावून मीटरने सेन्सर तपासायला शिकवलंत. हवा द्या, इंधन द्या, बोलू द्या, मग ठरवा. कळमनुरीतले दोघे तरी आता कोड आला म्हणून सेन्सर फेकून देत नाहीत. पुसेगावहून एक जण मुद्दाम शिकायला यायचा. मला हे कौतुकाने लिहायचंय, मामा, मनापासून. आमच्यासारखे जगाला चुका दाखवत फिरतात. तुम्ही स्वतःची दाखवत बसलात, वर्षभर, चहा पाजून.

शेवटच्या भेटीत तुम्ही मला विचारलं होतंत, "बबन्याला कुणी गाडी दिली का?" मी म्हणाले, नाही. तुम्ही म्हणालात, "गाडी नीट झाली, माणूस तसाच राह्यला." त्यावर मी काहीतरी आंदोलनाचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे काही कामाचं बोलले नसणार, हे आता तुमच्याच हिशोबाने.

बबनदादा कुरुंद्यात हळदीच्या कामावर जातो. शिजवलेली हळद वाळत घालतो, पॉलिश करतो, संध्याकाळी पिवळा होऊन घरी येतो. लायसन्स खिशात असतं. तालुक्यातल्या एकाही माणसाने त्याच्या हातात स्टिअरिंग दिलेलं नाही. तुमच्या अंत्ययात्रेला तो सगळ्यांच्या मागे चालत होता, कारण पुढच्या गाडीत शाळेचे लोक बसले होते.

तेव्हा आता मी ती ओळ लिहिते. ही चूक मिस्त्री सुखदेवची होती, त्यांनी ती त्याच दिवशी कबूल केली. आणि ती पत्रकातून गाळण्याची चूक माझी, मी ती आज कबूल करतेय, एक वर्ष उशिरा. बबनदादाची चूक कुठेच नव्हती.

आणि हे वाचणाऱ्या तुम्ही. होय, तुम्हीच. त्या दिवशी फाटकात उभे असाल, बाजारात ऐकलं असेल, चहाच्या टपरीवर "बबन्या? त्यो पेट्रोलवाला?" म्हणून हसला असाल. श्रद्धांजली पुरे झाली. कुरुंद्याला जा. ज्या आवाजात चोर म्हणालात त्याच आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, ते शब्द त्याच्या दारात परत घ्या. आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याने रिकाम्या हाताने जाऊ नका. किल्ली बबनदादाच्या हातात द्या, तुमची लेकरं मागच्या सीटवर बसवा, आणि म्हणा, चल.